रायफलचं काडतूस रिव्हॉल्व्हरमधून झाडता येतं का?
येतं. अमेरिकेतल्या मॅग्नम रिसर्च कंपनीचं बीएफआर हे रिव्हॉल्व्हर .४५-७० हे रायफलचं काडतूस घेतं. हे काडतूस १८७३ साली तिथल्या लष्कराच्या स्प्रिंगफील्ड रायफलीसोबत आलं. चक्रीत (गोळ्या भरायच्या फिरत्या भागात) पाचच गोळ्या, वजन दोन किलोच्या आसपास, आणि प्रत्येक गोळी झाडण्याआधी घोडा अंगठ्याने मागे ओढायचा. वजन आहे तेच बरं, नाहीतर मनगटाची खैर नाही! पकड पक्की ठेवा, पण कोपरं ताठ नकोत. नळी वर उसळू द्या. बोटं चक्री आणि नळीमधल्या फटीजवळ अजिबात नेऊ नका, तिथून तापलेला वायू सुटतो. नळी आखूड, त्यामुळे रायफलीइतका वेग मिळत नाही, आवाज मात्र कानठळ्या बसवतो. इयरप्लगवर कान झाकणारे मफही चढवा. पहिल्या वेळी चक्रीत एकच गोळी भरा.