रीजायनाहून अल्बर्टाला गाडीने जाताना ट्रान्स-कॅनडा सोडून हायवे 13 घ्यावा का? तिथे बघण्यासारखं काही आहे का?

हाताशी एक जादा दिवस असेल तर डोळे झाकून 13 घ्या (गाडी चालवताना उघडे ठेवा). रात्रीपर्यंत कॅल्गरी गाठायचीच असेल तर मात्र ट्रान्स-कॅनडा, म्हणजे हायवे क्रमांक 1, बरा. तिथे ताशी 110 किमीचा वेग, दुभाजक आणि सतत ट्रक.

मी रीजायनात, म्हणजे कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात राहतो. दक्षिणेला वेबर्नपर्यंत जायचं आणि तिथून पश्चिमेला वळायचं. पुढे ओगेमा, असिनिबोया, शॉनाव्हन, ईस्टएंड. या रस्त्याला ‘रेड कोट ट्रेल’ म्हणतात, कारण 1874 मध्ये लाल डगलेवाले घोडेस्वार पोलीस साधारण याच पट्ट्यातून पश्चिमेला गेले.

‘काहीच नाही’ असं जे वाटतं, ते नीट बघितलं तर बरंचसं माणसानेच आखलेलं आहे. सरकारने ही जमीन आधी कागदावर एक-एक मैलाच्या चौकोनांत कापली आणि 1872 च्या कायद्याने त्यातला पाव चौकोन, म्हणजे 160 एकर, 10 डॉलर फीवर कसायला दिला. म्हणून बाजूचे कच्चे रस्तेसुद्धा नाकासमोर सरळ. दक्षिणोत्तर रस्ते मात्र ठरावीक अंतरावर अचानक थोडे बाजूला सरकतात. पृथ्वी गोल, रेखांश उत्तरेकडे जवळ येतात, आणि चौकोन काही गोलावर नीट बसत नाहीत! त्याआधी, 1857 ते 1860 मध्ये पाहणी करून गेलेल्या पॅलिझरने हा दक्षिण भाग शेतीला फार कोरडा असल्याचं सांगितलं होतं. कुणी फारसं ऐकलं नाही. 1930 च्या दुष्काळात माती उडाली आणि कित्येकांनी घरं सोडली.

गावं आठ-दहा मैलांवर का, तर घोडागाडीने धान्य रेल्वेपर्यंत नेऊन त्याच दिवशी परतता यावं म्हणून. प्रत्येक स्टेशनला लाकडी, उंच एलिव्हेटर, म्हणजे धान्याचं कोठार असे. दुरून आधी तोच दिसायचा, गाव नंतर. 1995 मध्ये धान्यवाहतुकीचं जुनं अनुदान गेलं, छोट्या रेल्वेशाखा बंद होत गेल्या, बरेचसे एलिव्हेटर पाडले गेले. तेच धान्य आता लांबलचक ट्रकांतून याच रस्त्यांनी जातं, आणि खड्ड्यांचं एक कारण तेही आहे. ईस्टएंडच्या पुढे रॉब्सार्टला थोडं थांबा. रिकामी दुकानं, वाकलेल्या भिंती. फोटो रस्त्यावरूनच काढा, जागा खाजगी आहेत.

जुलैत कनोला (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) पिवळाधमक आणि जवस निळं असतं. गुडघ्याखालची बुटकी झुडपं दिसली तर तो मसूर असू शकतो. 1970 च्या दशकापासून सास्काटूनच्या विद्यापीठाने इथे चालतील अशी वाणं काढली आणि पूर्वी पडीक ठेवायच्या जमिनीत मसूर आला. भारत त्याचा मोठा गिऱ्हाईक. तुमच्या आईच्या आमटीतला मसूर इथलाही असू शकतो.

ईस्टएंडला टी-रेक्स डायनोसॉरचं संग्रहालय चुकवू नका. जवळच 1991 मध्ये ‘स्कॉटी’ नावाच्या टी-रेक्सचे अवशेष सापडले. वेळ असेल तर दक्षिणेला ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे 2005 मध्ये बायसन परत आणले.

टाकी अर्धी झाली की भरा. पुढच्या गावात पंप असेलच असं नाही, आणि असला तरी संध्याकाळी उघडा असेलच असंही नाही. फोनची रेंज अधूनमधून जाते, नकाशा आधीच उतरवून घ्या. पहाटे आणि संध्याकाळी हरणं अचानक आडवी येतात. समोरच्या पिकअपवाल्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं तर तुम्हीही उचला, तो नमस्कार आहे. थंडीत जात असाल तर हा रस्ता विसरा आणि क्रमांक 1 नेच जा.