बॉडी चालेल, हेडस्टॉक जपून

या वेळी बेस गिटार बनवणाऱ्यांच्या ट्रेडमार्कविषयीच्या प्रश्नांना जागा देतोय. मराठवाड्यात असे कारागीर कितीसे, असं कुणी म्हणेल. पण पेटी-तबला दुरुस्तीच्या दुकानांत पोरं आता पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग) सोल्डर करायला लागली आहेत.

प्रश्न : मी ऑर्डरप्रमाणे चार तारांची बेस बनवतो. बॉडी आणि हेडस्टॉक (खुंट्या असतात तो वरचा भाग) फेंडर या अमेरिकी कंपनीच्या जॅझ बेससारखं, नाव मात्र माझं. अडचण येईल का? (एक वाचक, लातूर)

बॉडीची फार धास्ती घेऊ नका. स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर आणि प्रिसिजन बेस या आपल्या मॉडेलांच्या बॉडीचे आकार ट्रेडमार्क म्हणून मिळावेत, असे फेंडरचे अमेरिकेत अर्ज होते. स्टुअर्ट स्पेक्टर आणि इतर उत्पादकांनी विरोध केला आणि २००९ मध्ये तिथल्या ट्रेडमार्क मंडळाने नोंदणी नाकारली. इतके जण इतकी वर्षं तेच आकार विकत होते, की ते पाहून एकच कंपनी आठवावी अशी स्थिती उरली नव्हती. जॅझ बेस त्या अर्जांत नव्हती आणि तो निकाल भारतात बंधनकारकही नाही. पण आपल्या १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यातही कळीचा मुद्दा तोच आहे : आकार पाहून गिऱ्हाईक माल कुणाचा ते ओळखतं का?

हेडस्टॉकचं तसं नाही. फेंडरच्या हेडस्टॉकचे आकार अमेरिकेत नोंदलेले आहेत, आणि स्टेजवरच्या वाद्याची ओळख लांबून पटते ती तिथूनच. चारही खुंट्या एका बाजूला ठेवा, त्यावर कुणाची मक्तेदारी नाही. कडेचं वळण आणि टोकाचा गोलवा मात्र स्वतः कागदावर काढा. फेंडरचं टेम्पलेट ठेवून पेन्सिल फिरवू नका. तुमची एखादी बेस अमेरिकेत विकली गेली, तर तिथला कायदा तुम्हाला लागू होतो, हेही ध्यानात असू द्या.

रिकनबॅकर या दुसऱ्या अमेरिकी गिटार कंपनीच्या वाटेला मात्र जाऊच नका. त्यांनी अमेरिकेत बेसच्या बॉडीचा आकारसुद्धा नोंदवला आहे, आणि नक्कल दिसली की ते गप्प बसत नाहीत.

प्रश्न : इन्स्टाग्रामवर ‘पी-बेस’, ‘जॅझ बेस’ असं लिहिलं तरच लोक येतात. लिहू का? (एक वाचक, नांदेड)

मॉडेलचं नाव म्हणून नको. ‘प्रिसिजन बेस’ (तुमची ‘पी-बेस’ म्हणजे तीच) आणि ‘जॅझ बेस’ ही फेंडरची नावं आहेत. ‘३४ इंची स्केल, स्प्लिट-कॉइल पिकअप’ एवढं लिहिलं की जाणकाराला काय ते कळतं. सुटा भाग विकत असाल, तर कायद्याच्या कलम ३० मध्ये सवलत आहे : ‘हा पिकगार्ड (बॉडीवरची ओरखडे रोखणारी पट्टी) प्रिसिजन बेसला बसतो’ असं सांगता येतं, कारण त्याशिवाय गिऱ्हाइकाला कळणार कसं? पण तिथंही त्यांचा लोगो वापरायचा नाही.

प्रश्न : गिऱ्हाईक म्हणतं, मोठ्या कंपनीचा स्टिकर लावून द्या, मी घरीच वाजवणार आहे. (एक वाचक, परभणी)

नाही म्हणा. खोटा ट्रेडमार्क लावणं हा कलम १०३ खाली गुन्हा आहे : सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. आज घरी वाजणारी बेस उद्या जुन्या बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणून फिरते, आणि विचारपूस तुमच्या दारात येते. असं गिऱ्हाईक सुटलं तर सुटू द्या.

प्रश्न : ‘मराठवाडा बेस’ हे नाव नोंदवायचं आहे. खर्च किती? उद्यम नोंदणी आहे, ती पुरत नाही का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

नाही पुरत. उद्यम असो की जीएसटी, त्यातून नावावर हक्क मिळत नाही. आणि हे नावच लंगडं आहे. अर्धं प्रदेशाचं, अर्धं वाद्याचं. नुसतं वर्णन करणाऱ्या नावांना अडवणाऱ्या कलम ९ चा आक्षेप येणार हे धरूनच चाला. आडनाव घ्यायचा मोहही टाळा. वाद्याशी काही संबंध नसलेला, तुम्हीच घडवलेला शब्द नोंदणीला सगळ्यात सोपा जातो.

आधी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर वर्ग १५ मध्ये, म्हणजे वाद्यांमध्ये, शोध घ्या; फुकट आहे. स्पेलिंग वेगळं पण उच्चार तोच, अशी नावंही बघा. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ४,५०० रुपये. आपला अर्ज मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतो. परीक्षण अहवाल आला की ३० दिवसांत उत्तर द्यायचं. अनेकांचे अर्ज ईमेल न उघडल्यामुळे इथंच बुडतात. पुढे नोंदणी कार्यालयाच्या जर्नलमध्ये नाव छापून आलं की विरोधासाठी चार महिने. नोंदणी दहा वर्षं चालते, मग नूतनीकरण. तोवर नावापुढे ‘टीएम’ लावा. वर्तुळातला ‘आर’ नोंदणी झाल्यावरच.

आणि त्या नावाने फाडलेलं पहिलं बिल फाईलला लावून ठेवा. वाद झाला तर ‘आधीपासून कोण वापरतंय’ हे त्यावरूनच दाखवता येतं.