एम्बँकमेंट आणि अबटमेंट यांत नेमका फरक काय?

दोन्ही पुलाच्या तोंडालाच असतात, मग नावं दोन कशाला, असं तुम्ही विचारलंय. कारण एक माती आहे आणि दुसरी भिंत. एम्बँकमेंट म्हणजे भराव, रस्ता पुलाच्या उंचीला नेण्यासाठी थराथराने चढवलेला. अबटमेंट म्हणजे पुलाच्या टोकाचा आधार. वरून बेअरिंगमार्फत (मधल्या टेकूच्या गादीतून) गर्डरचं, म्हणजे पुलाच्या आडव्या तुळईचं, वजन घेतो आणि पाठीवर भरावाचा रेटा झेलतो. मधल्या पिअरला, म्हणजे खांबाला, पाठीमागे माती नसते. झाला फरक.

आता खरं दुखणं. पुलावर चढताना गाडीला गचका बसला की 'पूल खचला' म्हणून बोंब होते. पूल सहसा खचत नाही ओ! अबटमेंट बहुधा खडकावर नाहीतर पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल नेलेल्या खांबांवर, उभं असतं. बसतो तो त्याच्या पाठीमागचा भराव, तोही शेवटच्या काही मीटरांतच. मोठा रोलर भिंतीला खेटून चालवायचा नसतो, भिंतीवर जादा दाब येतो. म्हणून भिंतीलगतचा मीटर-दीड मीटर पट्टा प्लेट कॉम्पॅक्टरने (हाताने चालवायच्या छोट्या ठोकयंत्राने), १०० ते १५० मिमीच्या थरांत ठोकायचा. बाकी भरावाला दाबल्यानंतर २०० मिमीपर्यंतचा थर चालतो आणि घनता मॉडिफाइड प्रॉक्टरच्या (प्रयोगशाळेत ठोकून मिळालेल्या कमाल घनतेच्या) ९५ टक्के लागते, वरच्या ५०० मिमी सबग्रेडला, म्हणजे रस्त्याच्या थरांखालच्या मातीला, ९७. हे काम वेळखाऊ, म्हणून डंपर रिकामा करून जेसीबीच्या बकेटनं थोपटतात आणि वर ऐकवतात, 'दोन पावसाळे गेले की आपोआप बसतंय.' बसतंय खरं, पण डांबर टाकल्यावर.

दुसरी खोड मातीची. नदीकाठच्या रानातली काळी माती जवळ मिळते, म्हणून तीच टाकायची. फ्री स्वेल (माती पाण्यात किती फुगते त्याचं माप) ५० टक्क्यांच्या वर गेलेली माती भरावात नकोच. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. अबटमेंटच्या पाठीमागे तर पाणी सोडणारा कडक मुरूम किंवा वाळूच हवी. भिंतीला चिकटून ६०० मिमी फिल्टर मीडिया (पाणी गाळून सोडणारा दगड-खडीचा थर) आणि मीटर-मीटरवर १०० मिमी व्यासाची विप होल, म्हणजे पाणी बाहेर काढणारी भोकं, बाहेरच्या बाजूला उतार देऊन.

ही होलं शोभेची नाहीत, हिशोब करून बघा. ६ मीटर उंच भराव, मातीचं वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन, घर्षणकोन ३० अंश. कोरड्यात भिंतीच्या दर मीटर लांबीवर रेटा येतो १०८ किलोन्यूटन, म्हणजे ११ टन. होलं तुंबून पाठीमागे पाणी वरपर्यंत भरलं, की बुडालेल्या मातीचे ६० आणि पाण्याचे १७७ मिळून २३७. दुपटीच्या वर! तरी काँक्रीट ओतताना होलांच्या पाइपात गेलेली स्लरी (सिमेंटचा पातळ गाळ) कोणी काढत नाही.

आपल्याकडे कोल्हापुरात पंचगंगा नदी हे दरवर्षी तपासून बघते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. पण भरावाला पूर चढतानापेक्षा उतरताना जास्त भीती. बाहेरचं पाणी झटक्यात खाली जातं, आतलं मातीतच अडकून राहतं, आणि भिजून जड झालेला उतार घसरतो. म्हणून दोनास एकापेक्षा (दोन आडवे, एक उभा) उभा उतार ठेवू नका आणि पायथ्याला पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, विसरू नका. पूरपट्ट्यात लांबलचक भराव घालून नदीला दोन अबटमेंटच्या मधून काढायचं, हे मला मुळातच पटत नाही. 'पिलरवर न्यायचं म्हणजे महाग' हे ठरलेलं उत्तर मिळतं. त्यात मागं तुंबलेल्या पाण्याची किंमत कुठं धरलेली असते?

हां, अ‍ॅप्रोच स्लॅबचं, म्हणजे भरावावरून पुलावर चढतानाच्या काँक्रीटच्या लादीचं, राहिलं. साधारण ३.५ मीटर लांब, ३०० मिमी जाड, एक टोक डर्ट वॉलच्या (अबटमेंटच्या माथ्यावरच्या, माती अडवणाऱ्या भिंतीच्या) ब्रॅकेटवर आणि बाकी भरावावर. त्यानं गचका पसरतो, भराव बसायचा थांबत नाही. आणि खाली मऊ चिकणमाती असेल तर वर कितीही चांगलं ठोका, जमीनच दबते. तिथं ठेकेदाराला शिव्या देऊन उपयोग नाही.

धरणाचं वाचत असाल तर घोटाळा करू नका. तिथं अबटमेंट म्हणजे धरणाची टोकं ज्यात रुततात तो दोन्ही बाजूंचा डोंगर किंवा काठ. मातीचं धरण मात्र स्वतःच एम्बँकमेंट.