सहा इंची फायर लाइन आणि ग्रूव्हड फिटिंग: आधी पाइपाला टेप लावा

तुम्ही विचारलंय की प्लांट चालू आहे, वेल्डिंगची परमिशन मिळत नाही, मग सहा इंची फायर लाइन (आग विझवायच्या पाण्याचा पाइप) वाढवायला ग्रूव्हडमधलं, म्हणजे टोकाजवळ खाच पाडून वेल्डिंगशिवाय जोडायच्या फिटिंगमधलं, काय काय घ्यायचं. सांगतो, पण दुकानात जायच्या आधी पाइपाला टेप गुंडाळा. आपल्याकडे सहा इंची पाइप दोन मापांत मिळतो, आयएस (भारतीय मानक) १२३९ चा बाहेरून १६५.१ मिमी आणि आयएस ३५८९ चा १६८.३. घेर ५१९ च्या आसपास भरला तर पहिला, ५२९ भरला तर दुसरा. कपलिंग (दोन टोकांवर रबर बसवून खाचांत बोल्टने आवळायची कडी) मात्र दोघांची वेगळी आणि नुसतं बघून काही कळत नाही. मी एकदा न मोजता १६८ ची कपलिंग १६५ च्या पाइपावर चढवली, बोल्ट मस्त बसले, आम्ही चहा पण पिऊन आलो आणि टेस्टिंगला पंप चालू केला तर एकेका जॉइंटातून पाणी. सगळं खोललं परत.

आता कपलिंग. रिजिड पाइपाला घट्ट धरते, हेडर (मुख्य लाइन) आणि राइजरला (वर जाणारा उभा पाइप) तीच लावा. फ्लेक्सिबलमध्ये पाइप थोडा हलतो, म्हणून पंपाजवळ व्हायब्रेशनसाठी ती बरी, पण सगळीकडे तीच लावून सपोर्ट कमी टाकले तर प्रेशर आल्यावर लाइन वाकडी होते. वळणाला एल्बो, फाट्याला टी, साइझ बदलायला रिड्युसर, टोकाला कॅप, व्हॉल्व्हला फ्लँज अडॅप्टर, यात काही विशेष नाही.

मेकॅनिकल टी मात्र कामाची चीज आहे, लाइन न तोडता रिकामी करून होल-सॉने (गोल करवतीने) भोक पाडायचं आणि वरून टी आवळायची, दोन इंची फाटा निघतो. फक्त भोकाची जी गोल चकती निघते ती हातात आलीच पाहिजे, आत पडली तर पुढे कुठेतरी जाऊन अडकणार. आणि भोकाची कड घासून घ्या, नाहीतर रबर कापतं.

रबर पाण्याला ईपीडीएमचं, तेलाच्या लाइनला नायट्राइल. ईपीडीएमला ग्रीस अजिबात नको, फुगतं ते, साबणाचं पाणी किंवा सिलिकॉनचं लुब्रिकंट लावा. पाइपाच्या टोकापासून खाचेपर्यंतचा पट्टा गुळगुळीत हवा कारण रबर तिथेच बसतं, वेल्डची शिवण वर आली असेल तर ग्राइंडरने साफ करा. तेही परमिशनशिवाय चालत नसेल तर बाहेर वर्कशॉपमध्येच खाच पाडून, घासून आणा. बोल्ट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आवळा, एकच बाजू आवळली की रबर चिमटतं.

घेर मोजून आकडा इथे टाका, मग कुठली कपलिंग ते सांगतो.