नवरा बोक्याशी लाडात बोलतो, माझ्याशी मोजून चार वाक्यं

एक प्रश्न मला सारखा येतो, फोनवर येतो, क्लिनिकमध्ये येतो, एकदा तर लग्नाच्या पंगतीत आला, की आमच्या घरातल्या अमक्याला मांजराचं इतकं वेड लागलंय, हे नॉर्मल आहे का हो? कधी मुलीबद्दल असतो (लग्नाचं नाव काढू देत नाही, मांजर कुशीत घेऊन बसते), कधी सासऱ्यांबद्दल, कधी समोरचा माणूस स्वतःबद्दलच विचारत असतो पण "माझ्या एका मैत्रिणीचं" म्हणून. आज सांगतेय ती केस डोंबिवलीच्या एका जोडप्याची, त्यांच्या परवानगीने आणि ओळख लागणार नाही इतके बदल करून. त्यांना काकू-काका म्हणूया. बोक्याचं नाव बंड्या, ते मात्र खरं आहे, त्याची हरकत नसावी.

पहिल्यांदा काकू एकट्याच आल्या आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, "मॅडम, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय का तेवढं बघा." काका सहकारी बँकेतून रिटायर झालेले, मुलगा आणि सून जर्मनीत. एका पावसाळ्यात पार्किंगमध्ये स्कूटरखाली पिल्लू ओरडत होतं, पाऊस थांबेपर्यंत ठेवू म्हणून काकांनी वर आणलं, आणि आता तो पाच किलोचा बोका झालाय आणि सोफा त्याचा आहे. काका पहाटे त्याच्यासाठी उठतात. दिवसभर त्याच्याशी बोलतात, तेही बोबडं, "कुठे गेला होता माझा लाजा, भूक लागली का ले शोन्याला" असलं. घर पक्कं शाकाहारी, जिथे कधी अंडं आलं नाही तिथे आता गॅलरीत बंड्याचे बोंबील. सोसायटीच्या ग्रुपवर जिन्यातल्या घाणीवरून दोन गट पडलेत. त्यात कोणा नातेवाइकाने फॉरवर्ड टाकला की मांजरामुळे माणसाच्या मेंदूत किडा जातो आणि मग माणूस मांजरासाठी वेडा होतो. सून प्रेग्नंट, त्यामुळे काकूंची झोपच उडालेली.

हे सगळं एका दमात सांगून झालं, पाणी प्यायल्या, आणि मग पर्सची चेन उघडत-लावत म्हणाल्या, "लग्नाला तेहतीस वर्षं झाली. एकदा विचारलं नाही मला, जेवलीस का म्हणून. त्याला दिवसातून दहा वेळा विचारतात."

केस ही होती. बाकी सगळं वरचं.

पण किड्याचा विषय आधी संपवू, कारण तो बऱ्याच घरांत भीती घालतो. टॉक्सोप्लाझ्मा गोंडी नावाचा परजीवी आहे, मांजराच्या शीमधून बाहेर पडतो, हे खरं. तो लागलेले उंदीर मांजराच्या वासाला घाबरेनासे होतात, हेही संशोधकांनी पाहिलंय, आणि तिथूनच माणसांबद्दलच्या कथा सुरू झाल्या. माणसांच्या बाबतीत मात्र पुरावा फार तोकडा आहे. न्यूझीलंडमध्ये डनेडिनला एकाच काळात जन्मलेल्या लोकांना वर्षानुवर्षं तपासत आलेत, त्यावरचा २०१६चा पेपर सांगतो की या संसर्गाचा स्वभावाशी किंवा मानसिक आजाराशी संबंध असल्याचा पुरावा त्यांना फारसा मिळाला नाही. निरोगी माणसाला बहुतेक वेळा हा लागला तरी कळतसुद्धा नाही. गरोदर बाईने मात्र काळजी घ्यायचीच, मांजराची शी दुसऱ्या कोणीतरी साफ करायची आणि रोज करायची, कारण ती पडल्यावर त्यातला परजीवी संसर्ग करण्यालायक व्हायला निदान एक दिवस तरी जातो. आणि कच्चंपक्कं मटण, न धुतलेली भाजी, बागेतली माती यातूनही तो लागतो, त्याबद्दल कोणी फॉरवर्ड पाठवत नाही. काकूंना म्हटलं, डोंबिवलीतल्या बंड्यापासून जर्मनीतल्या सुनेला काही होत नाही. तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

मग प्रश्न राहतो की मांजरात एवढं असतं काय. कॉनराड लॉरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडलं होतं की गोल चेहरा, मोठं कपाळ, मोठे डोळे, इवलंसं नाक असं काही दिसलं की माणसात आपोआप सांभाळायची ओढ जागी होते. बाळासाठी बनलेली यंत्रणा आहे ही. गंमत अशी की मांजराचा चेहरा मोठेपणीही बराचसा बाळासारखाच राहतो, आणि वजनही तान्ह्या बाळाएवढं, उचललं की हात आपोआप तसाच गोल होतो. त्यावर आवाज. मोठी मांजरं एकमेकांशी म्याव म्याव फारशी करत नाहीत, ते मुख्यतः माणसासाठी ठेवलेलं आहे. आणि २००९ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स युनिव्हर्सिटीत कॅरन मॅककोंब यांनी दाखवलं की खायला मागताना काही मांजरं जी गुरगुर करतात तिच्यात एक रडण्यासारखा बारीक सूर मिसळलेला असतो, बाळाच्या रडण्याच्या पट्टीच्या जवळचा, आणि ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही अशा लोकांनाही तो ऐकून "हे अर्जंट आहे" असंच वाटतं. काका पहाटे का उठतात ते यात आलं. काकू म्हणाल्या, "आमचा मुलगा रात्री रडायचा तेव्हा नाही उठले कधी." मी ते लिहून ठेवलं.

काकूंचं दुसरं म्हणणं, जे सगळ्यांचंच असतं, की कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचं, त्याला प्रेमबिम काही नसतं, वाटीत पडतं तोवर गोड. हे तितकंसं खरं नाही. अमेरिकेत ऑरेगनमध्ये क्रिस्टिन व्हिटाली यांनी २०१९ मध्ये लहान बाळांवर करतात तीच चाचणी मांजरांवर केली, म्हणजे अनोळखी खोलीत माणूस थोडा वेळ सोबत, मग बाहेर, मग परत. साधारण ६५ टक्के मांजरं मालक परत आल्यावर शांत झाली आणि खुशाल ती खोली हुंगत फिरायला लागली. म्हणजे मालक त्यांना आधार वाटत होता. बाळांमध्येही हे प्रमाण एवढंच सापडतं.

तरीपण मांजर हाकेला येईलच असं नाही, आणि माझ्या मते सगळं वेड तिथेच आहे. कुत्रा रोज शेपटी हलवतो, दर वेळी हलवतो, त्यामुळे त्याची सवय होते. मांजर दहादा पाठ फिरवेल आणि अकराव्यांदा येऊन मांडीवर बसेल. बक्षीस कधी मिळेल याचा भरवसा नसला की ती सवय सगळ्यात चिवट होते, हे बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर दाखवलं होतं आणि लॉटरीवाल्यांना ते आधीपासून माहीत आहे. शिवाय ते स्वतःहून आलं, म्हणजे मला निवडलं, असं वाटतं माणसाला. हे मी समजावून सांगत होते तर काकू मध्येच म्हणाल्या, "म्हणजे मी रोज समोर असते ही माझी चूक?"

याला पुस्तकी उत्तर माझ्याकडे होतं पण मी ते दिलं नाही, म्हटलं काकांना घेऊन या.

काका आले, शर्टवर पांढरे केस, हातात पिशवी. मला वाटलं होतं चिडलेले असतील, तर उलट माणूस लाजलेला होता. घरात जे बोबडं बोलतो ते बाहेरच्या बाईला माहीत आहे म्हणून. मी मांजराबद्दल काही विचारलंच नाही, लग्न झालं तेव्हा कुठे राहायचात एवढंच विचारलं, आणि त्यांनी जे सांगितलं ते त्या पिढीच्या कितीतरी पुरुषांकडून मी ऐकलंय. गिरगावात चाळीतल्या दोन खोल्या, आई-वडील, दोन भाऊ, एक बहीण. बायकोशी बोलायचं तर काय आणि कुठे. "जेवलीस का" असं सगळ्यांदेखत विचारलं असतं तर भावांनी महिनाभर चिडवलं असतं. मुलगा झाला तेव्हा वडिलांसमोर स्वतःच्या मुलाला उचलून घ्यायची पद्धत नव्हती, ते म्हणाले, घ्यावंसं वाटायचं पण हात पुढे व्हायचा नाही. काकू ऐकत होत्या. रात्री न उठण्याचंही तेच, आई उठायची, मग हे पडून राहायचे जागे.

मग डोंबिवलीला स्वतःचा ब्लॉक झाला, पण तोवर तोंडाला ती सवयच उरली नव्हती. पुढे साडेसातची लोकल आणि बँक, घरी आल्यावर टीव्ही. आणि रिटायर झाल्यावर एक दिवस हातात ओलं पिल्लू, घरात कोणी बघायला नाही, आणि बघितलं तरी मांजराशी बोबडं बोलणाऱ्याला कोण काय म्हणणार? मांजराशी लाडात बोलायला पुरुषाला परवानगी आहे, आपल्याकडे बायकोशी बोलायला ती बऱ्याच घरांत कधी मिळालीच नाही. मला विचाराल तर काकांचं मांजरावरचं प्रेम हा काही आजार नाही, तीस-पस्तीस वर्षं साठलेलं पाणी जिथे उतार मिळाला तिथून वाहिलं एवढंच. काकूंचं दुःखही तितकंच खरं, कारण ते वाहिलं पण त्यांच्या दारावरून नाही.

मी काकांना विचारलं, बंड्याकडे तुम्हाला काय मिळतं? बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो मला काही विचारत नाही. आणि माझं काही चुकलं तरी त्याच्या लक्षात राहत नाही." आणि काकूंना का विचारत नाही जेवलीस का? यावर अगदी निरागस चेहऱ्याने, "तीच तर वाढते, तिला काय विचारायचं?" काकूंनी कपाळाला हात लावला, पण हसल्यासुद्धा.

काकूंची मागणी "मी तरी राहीन नाहीतर तो" अशी होती. मी अशा वेळी मांजर काढा असं कधीच सांगत नाही, कारण मांजर गेलं तरी ते प्रेम काही पत्ता बदलून बायकोकडे येत नाही, उलट घरात एक कायमचा राग येऊन बसतो. आम्ही ठरवलं ते साधं होतं. बंड्याचं काम दोघांत वाटायचं, संध्याकाळी गॅलरीत चहा घेताना दोघांनी त्याच्याजवळ बसायचं, आणि काकांनी जे त्याला विचारतात तेच आधी काकूंना विचारायचं, कृत्रिम वाटलं तरी चालेल. पुष्कळ जोडपी मांजराच्या आडून एकमेकांशी बोलतात ("बघ रे, तुझी आई आज रागावलीय"), त्याला मी हरकत घेत नाही, निदान सुरुवातीला तरी. काकू दूध-पोळी घालायच्या, तेवढं बंद करायला सांगितलं, कारण मांजराला टॉरिन नावाचा घटक लागतो आणि तो मांस-मासळीतूनच मिळतो, मोठ्या मांजरांना दूध बरेचदा पचतही नाही. बोंबील राहिले, पण गॅलरीची जाळी आणि झाडू काकांकडे.

आता ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांच्यासाठी. किती लाड करतो यावरून काही ठरत नाही. बाकीची माणसं सुटत चाललीत का ते बघा. मित्रांचा फोन उचलत नाही, अंघोळ-जेवण-झोप बिघडलीय, औषधाचे पैसे मांजरावर जातात, किंवा एकाची पाच, पाचाची पंधरा झालीत, त्यांना नीट सांभाळता येत नाहीये आणि तरी नवीन आणणं थांबत नाही, असं असेल तर जरूर कोणाला तरी दाखवा. मांजर गेल्यावर रडणं हे यात मोडत नाही, रडू द्या, "मांजरच तर होतं" एवढं फक्त म्हणू नका. लग्न न करणाऱ्या मुलींच्या आयांना माझं एकच सांगणं असतं, मुलगी मांजरामुळे लग्न करत नाहीये असं मला आजवर दिसलेलं नाही, कारण वेगळंच असतं आणि ते तुम्हाला बहुतेक माहीत असतं.

काकांच्या बाबतीत यातलं एक मला खटकलं होतं, रिटायर झाल्यापासून त्यांनी कट्ट्यावर जाणं बंद केलं होतं, आणि जर्मनीला सुनेच्या बाळंतपणाला जायचं तर "बंड्याचं कसं होणार" हे कारण पुढे येत होतं. त्यावर दोन-तीन सेशन गेली. शेवटी काकू आधी गेल्या, काका बाळ झाल्यावर जाणार आहेत, तेव्हा बंड्या खालच्या मजल्यावर राहील, तिथल्या शाळकरी मुलीने स्वतःहून मागितलाय. व्हिडिओ कॉलवर काका पहिली पाच मिनिटं बंड्याच दाखवतात असं काकूंनी मला मेसेजवर कळवलंय, आणि जेवलीस का हे विचारतात, पण तिथे दुपारचे तीन वाजलेले असतात.

काकूंनी पुढची अपॉइंटमेंट घेतलेली नाही. काकांनी घेतलीय, एकट्याची, आणि विषय काय म्हणून विचारलं तर म्हणाले बँक सुटल्यापासून रात्री झोप लागत नाही, ते तिला सांगू नका, मीच सांगेन.