काउलिंग कापताना साच्याच्या रेघेवर जाऊ नका

तुमची पोस्ट वाचली. घरी बांधत असलेल्या विमानाचं खालचं काउलिंग (इंजिनावरचं फायबरचं आवरण) फायरवॉलपाशी (इंजिनामागची आडवी भिंत) एका बाजूला नीट बसत नाही, पुरवठादार म्हणतो "साच्याची रेघ उमटली आहे, तिच्यावर कापा", आणि तुम्ही अजून कापायची चकती लावलेली नाही. लावू नका. मी नेमका इथेच अडकलो होतो म्हणून सविस्तर लिहितोय. मास्क, गॉगल, डायमंड चकती हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

ती रेघ साच्यात असते, म्हणून सगळ्यांच्या पार्टवर एकाच जागी येते. तुमचं इंजिन माउंट, स्पिनरची (प्रोपेलरच्या मध्यावरच्या टोपीची) प्लेट, फायरवॉलची कड मात्र तुमच्या गॅरेजात बसवलेली. मोजमाप विमानावरूनच घ्यायचं. आधी पुढची बाजू पक्की करा: स्पिनरच्या प्लेटमागे दीड-दोन सूत जाडीचे प्लायवूडचे तुकडे ठेवून काउलिंगचं तोंड त्यांना टेकवा आणि हलणार नाही असं बांधा. स्पिनर किंचित वर राहू द्या. इंजिनाचे रबर माउंट वजनाने दबतात आणि नाक खाली येतं.

मागच्या कडेला घाई नको. फायरवॉलच्या कडेपासून बरोबर दोन इंच मागे, फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) पत्र्यावर टेप लावून रेघ मारा. काउलिंग त्या पत्र्यावर चढवा आणि टेपच्या रेघेपासून पुन्हा दोन इंच पुढे मोजत काउलिंगवर खुणा करत जा. फायबरवर जाड प्रायमर नसेल तर आतून टॉर्च मारा, पत्र्याची कड सावलीसारखी दिसते. खुणेबाहेर सूतभर जादा ठेवून कापा. उरलेलं लांब सँडिंग ब्लॉकने, लावून-काढून-लावून. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

आता माझं दुखणं. ज्यांच्याकडून काउलिंग घेतलं त्यांच्या मदत-कक्षाला (नाव लिहीत नाही) मी फोटो पाठवून विचारलं होतं की रेघ आणि फायरवॉल जुळत नाहीत, काय करू? फोनवर उत्तर आलं, "रेघ बरोबर आहे, बिनधास्त कापा." कापलं, आणि डाव्या बाजूला तीन सूत कमी पडलं. मग त्याच कक्षाने सांगितलं, "कापलेला पार्ट परत घेत नाही." सल्ला त्यांचा, भुर्दंड माझा! नवा अर्धा भाग एवढ्या मोठ्या खोक्यात येतो की वाहतुकीचा खर्च ऐकूनच मी नाद सोडला. म्हणून सांगतो, कापण्याचा सल्ला कोणीही दिला तरी तो ईमेलवर, फोटोसकट घ्या. फोनवरचा सल्ला नंतर कोणालाच आठवत नाही.

कमी पडलंच तर जोडता येतं. कडेला आतून जाडीच्या किमान बारापट लांब उतार घासा, बाहेरून पॅकिंग टेप चिकटवलेली पट्टी लावा, आणि फायबरग्लासच्या कापडाचे थर इपॉक्सीने चढवा. घासण्याआधी साच्याचं मेण सॉल्व्हंटने पुसा, नाहीतर ते घासताना आत शिरतं आणि इपॉक्सी धरत नाही. सुकल्यावर वर चिकट थर आला तर आधी पाण्याने धुवा, मगच सँडिंग. जुन्या पॉलिएस्टर रेझिनच्या पार्टवर इपॉक्सी चालते. उलटं, म्हणजे इपॉक्सीवर पॉलिएस्टर, मी कधीच करणार नाही.

मी परवानाधारक मेकॅनिक नाही. हे फक्त काउलिंग, चाकांची आवरणं, विंगटिप यांच्यापुरतं. भार घेणाऱ्या भागाला हे लावू नका. अमेरिकेत असाल तर ईएएचे (घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना) टेक्निकल कौन्सिलर स्वयंसेवक असतात, कापण्याआधी त्यांना गॅरेजात बोलवा. शेजारी उभं राहून बघणारा माणूस फोनवरच्या दहा जणांपेक्षा बरा, असं माझं ठाम मत आहे. आणि एक्झॉस्टजवळ आतून परावर्तक फॉइल लावायला विसरू नका. घरी सुकवलेली इपॉक्सी उष्णतेने मऊ पडते.

स्पिनर आणि काउलिंगमधली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे किती आहे ते मोजून इथे लिहा. डावी-उजवी वेगळी असेल तर मागची कड कापण्याचा प्रश्नच अजून येत नाही, आधी तोंड सरळ करावं लागेल.