युरोपातली पीएचडी: कन्सल्टन्सीला पैसे भरण्याआधी हे वाचा

महिनाभरात आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोंधळातून आलेले आहेत: तिथली पीएचडी म्हणजे विकत मिळणारी सीट, असा समज. म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

सर, युरोपात पीएचडीसाठी नेट किंवा गेट लागते का? (हिंगणा)

नाही.

आणि आयईएलटीएस, ती इंग्रजीची परीक्षा? (सदर)

ज्या जागेला अर्ज करताय तिची जाहिरात वाचा. मैत्रिणीला लागली नाही म्हणून तुम्हाला लागणार नाही, असं नसतं.

नागपुरातली एक कन्सल्टन्सी अडीच लाखांत ‘गॅरंटीड पीएचडी सीट’ देते म्हणते. पैसे भरू का? (मानेवाडा)

एक रुपयाही भरू नका. नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमध्ये पीएचडी करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. जर्मनीतही अशा जागा ई-१३ या तिथल्या सरकारी वेतनश्रेणीत निघतात, बरेचदा ६५ किंवा ७५ टक्के पगारावर. जाहिरात येते, मुलाखत होते, निवड प्राध्यापक आणि त्यांची समिती करते. मधल्या माणसाच्या हातात द्यायला जागाच नसते. जाहिराती युरोपियन कमिशनच्या युरॅक्सेसवर, डच जागा ॲकॅडमिक ट्रान्सफरवर फुकट दिसतात.

गेल्या आठवड्यात एमएस्सी रसायनशास्त्र झालेली एक मुलगी आली होती. एजंटने तिच्या नावाने दीडशे प्राध्यापकांना मेल पाठवले होते. तिने मोबाईलवर एक दाखवला. वर एका प्राध्यापकाचं आडनाव, तेवढंच जाड ठशात. तिसऱ्या ओळीत आधीच्या प्राध्यापकाचं नाव तसंच राहिलेलं. या मुलीने सहा महिने नाग नदीच्या पाण्यातले जड धातू मोजलेत. त्याबद्दल मेलमध्ये एक शब्द नाही! तो मेल वाचून कोणीही डिलीटच करेल, आणि नाव खराब होतं ते तिचं. म्हणून दहाच ओळी लिहा, पण स्वतः लिहा: त्यांचा कोणता पेपर वाचला, त्यातलं काय पटलं, तुम्ही कोणतं उपकरण हाताळलंत. पाठवण्याआधी तुमच्या गाइडना दाखवा.

मुलगा दीड वर्षापासून म्युनिकला नोकरी करतो. मारी क्युरीची जागा मिळेल का? (प्रतापनगर)

मारी क्युरी ही युरोपियन युनियनची संशोधनासाठी पैसे देणारी योजना. तिच्या डॉक्टोरल नेटवर्कमधली, म्हणजे अनेक संस्था मिळून पीएचडीच्या जागा काढतात त्यातली, जर्मनीतली जागा मिळणं अवघड आहे. रुजू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला किंवा काम केलेला चालत नाही. दुसऱ्या देशातल्या जागेला हा अडसर नाही. तारखा मात्र प्रकल्पाच्या समन्वयकांना मेल करून तपासून घ्यायला सांगा, ताई.

जर्मनीच्या पगारी पीएचडीला ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) लागतं का? (वर्धा रोड)

पगार पुरेसा असलेलं करारपत्र असेल तर सहसा नाही. तरी मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाची सध्याची यादी पाहा, शंका असेल तर विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा.

ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाचं सगळ्या गुणांचं अधिकृत पत्रक) आणि शिफारसपत्रं जागा दिसल्यावर काढली तर चालेल ना? (काटोल)

चालणार नाही. जाहिरात बरेचदा तीन-चार आठवडेच उघडी असते. त्यात दिवाळीची सुट्टी आली, किंवा गाइड परगावी गेले, की संपलं. दरवर्षी चांगली मुलं मला याच कारणासाठी मुकलेली दिसतात आणि फार वाईट वाटतं. ट्रान्सक्रिप्टचा अर्ज याच आठवड्यात विद्यापीठात द्या. दोन प्राध्यापकांना प्रत्यक्ष भेटा. काही विद्यापीठं पत्र थेट त्यांच्याकडून मागवतात, तेव्हा ते रोज कोणता ईमेल उघडतात तेही विचारून ठेवा.